डोळ्याची बाहुली आणि कानाचे श्रम

डोळ्याच्या मध्यभागीं जी काळी टिकली दिसते तिला आपण बाहुली म्हणतों. समोरच्या माणसाच्या डोळ्यांत पाहिलें असतां आपलीच चिमुकली आकृति तेथें दिसते, म्हणून हें नांव. लॅटिनमधील ‘प्युपिला’ या शब्दाचा अर्थहि बाहुलीच; आणि इंग्रजींत तर ‘प्युपिल’ म्हणजे डोळ्याची बाहुली आणि ‘प्युपिल’ म्हणजे विद्यार्थीहि. सारा जन्म विद्यार्थ्यांकडे पाहण्यांत घालविलेल्या माझ्यासारख्याला हें नातें मोठें सुखाचें वाटे. पुढें तें बोचूं लागलें. त्याचें कारण ओघानें येईलच.

बाहुली ही वास्तविक टिकली नव्हे, तें छिद्र आहे. उजेडांत तें दोन मिलिमीटरपर्यंत आकसतें, अंधारांत आठांपर्यंत फांकतें. एवढें शाळेच्या पुस्तकांत असतें. पण उजेड तोच राहून मन बदललें तरीहि बाहुली हालते, हें व्यापाऱ्यांनीं शास्त्रज्ञांच्या आधीं ताडलें असावें. चीनमधील जेडचे व्यापारी गिऱ्हाइकाची बाहुली फांकली कीं भाव चढवीत, अशी गोष्ट सांगतात. आपल्याकडील जुन्या बाजारांतहि दलाल उपरण्याखालीं बोटें दाबून भाव ठरवीत. आंकडा झांकला जाई. डोळे मात्र उघडेच राहत. कापसाच्या मुलखांत वाढलेल्याला भावाच्या वेळची ती नजर निराळी सांगावयास नको.

शास्त्रानें या गोष्टीचा पाठपुरावा नेटानें केला तो शिकागो येथील एकहार्ड हेस यांनीं. रात्रीं निजण्यापूर्वीं ते प्राण्यांचीं सुंदर छायाचित्रें चाळीत होते. दिवा मंद असावा, कारण तुमच्या बाहुल्या फार मोठ्या दिसतात, असें त्यांच्या पत्नींनीं सुचविलें. आणि दिवा तर चांगला होता! १९६० सालीं त्यांचा पहिला निबंध निघाला. १९६४ सालीं त्यांनीं व जेम्स पोल्ट यांनीं लोकांना तोंडीं गुणाकार घातले. उत्तर जुळेपर्यंत बाहुली वाढत जाई, आणि उत्तर तोंडांतून निघतांच ती पूर्वस्थितीवर येई. हेस यांच्या आवडीनिवडीसंबंधींच्या निष्कर्षांवर पुढें पुष्कळ आक्षेप आले. गुणाकाराचा प्रयोग मात्र टिकला.

माझ्या मतें खरा मोलाचा प्रयोग १९६६ सालचा, डॅनियल काहनेमन व जॅक्सन बीटी यांचा. त्यांत ऐकावयाचे होते केवळ आंकडे, सेकंदाला एक, तीनपासून सातपर्यंत. प्रत्येक आंकडा कानीं पडतांच बाहुली थोडी रुंदावे, आणि ते म्हणून दाखवितांना एकेक पायरी उतरे. पाढे म्हणणाऱ्या पोरांच्या तोंडाकडे आम्हीं तीस वर्षें पाहिलें. डोळ्यांकडे पाहण्याचें कोणाला सुचलें?

पुढें ॲम्स्टरडॅम येथील एड्रियाना झेकवेल्ड, सोफिया क्रेमर प्रभृतींनीं २०१० सालीं हीच कसोटी ऐकण्याच्या श्रमाला लाविली. गलबल्यांतून वाक्य ऐकवावयाचें; ऐकणें जितकें कठीण, तितकी बाहुली मोठी. दोन माणसें तेंच वाक्य बरोबर सांगतील, पण त्यासाठीं कोणीं किती ओझें उचललें तें डोळाच सांगतो. २०१८ सालीं याच मंडळींनीं बक्षिसाची रक्कम कमीजास्त करून पाहिली. मोठ्या बक्षिसाला बाहुली अधिक फांकली; वाक्यें मात्र अधिक बरोबर आलीं नाहींत. म्हणजे बाहुली मोजते तें फळ नव्हे, लावलेला जोर.

ऐकणाऱ्याला हुरूप आणण्याची कला वऱ्हाडांत पैशावांचूनच साधली होती. अमरावतीकडचे गाडगेमहाराज (१८७६–१९५६) कीर्तनांत श्रोत्यांनाच प्रश्न टाकीत आणि त्यांच्याच तोंडून उत्तर वदवीत. जबाब द्यावयाचा असला म्हणजे मागच्या रांगेंतलाहि कान टवकारतो.

परंतु ॲम्स्टरडॅमच्या प्रयोगांत २०१४ सालीं जी एक गोष्ट दिसून आली, तिनें माझी झोंप उडविली. गलबला इतका वाढविला कीं शब्द लागेचना, तर बाहुली आणखी मोठी न होतां उलट लहान होते. ऐकणारा आंतून हात टेकतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो केवळ सुस्त दिसतो.

अकोल्याच्या बाजूच्या एका शाळेंत मी होतों. छप्पर पत्र्याचें, आषाढांत पाऊस कोसळूं लागला म्हणजे माझा आवाज मलाच ऐकूं येत नसे. एक मुलगा खिडकीकडे पाहत बसे. मीं दोनदां बजावलें, तिसऱ्यांदां उभें केलें, आणि मग इतरांना त्रास नको म्हणून शेवटच्या बांकावर बसविलें. दिवाळीनंतर त्याची आई आली. “गुरुजी, त्याचा कान लहानपणापासून वायते जी. त्याले धड आयकूच येत नाही.” तिनें हें तक्रार म्हणून सांगितलें नाहीं, मुलाचा अपराध मीं पोटांत घालावा, म्हणून सांगितलें.

दुसऱ्या दिवशीं मीं त्याला पहिल्या बांकावर आणलें. तो दप्तर घेऊन मुकाट्यानें येऊन बसला, आणि खिडकीकडेच पाहत राहिला. मी बोलूं लागलों कीं माझ्या तोंडाकडे पाहण्याची संवय त्याला पुन्हां लागली, तोंपर्यंत संक्रांत उलटून गेली होती.