छिन्नमानस व मेंदूचे प्रतिमांकन

छिन्नमानस (स्किझोफ्रेनिया) : या गंभीर चित्तविकृतीचे मूळ मेंदूत असावे, असे एमील क्रेपेलीन (१८५६–१९२६) यांचे मत होते, परंतु शवविच्छेदनात निश्चित असे काही आढळेना. जिवंत रुग्णाचा मेंदू पाहण्याचा पहिला लक्षणीय प्रयत्न याकोबी व विंक्लर यांनी १९२७ मध्ये जर्मनीत केला. पाठीच्या कण्यातील द्रव काढून त्या जागी हवा भरीत व नंतर डोक्याचे क्ष-किरण छायाचित्र घेत. मेंदूतील द्रवयुक्त पोकळ्या (विवरे) बहुतेक रुग्णांत मोठ्या दिसल्या. मात्र ही तपासणी इतकी क्लेशकारक होती, की तुलनेसाठी निरोगी माणसे मिळणे दुरापास्तच. निष्कर्ष त्यामुळे अधांतरी राहिला.

दरम्यान दोष कुटुंबाच्या माथी आला. फ्रीडा फ्रॉम-राइखमन यांनी १९४८ मध्ये रुग्णाच्या मातेच्या वर्तनाकडे बोट दाखविले. या कल्पनेस भक्कम पुरावा कधीच नव्हता. तरीही ती दीर्घकाळ टिकली आणि अनेक मातांनी तो बोल निष्कारण सोसला.

गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅन यंत्राने १९७१ मध्ये लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा मेंदू वेदनेविना पाहता आला. ईव्ह जॉनस्टन, टिमथी क्रो व त्यांचे सहकारी यांनी १९७६ मध्ये दीर्घकाळ रुग्णालयात असलेल्या १७ रुग्णांची निरोगी व्यक्तींशी तुलना केली, तेव्हा रुग्णांची विवरे मोठी ठरली. हा औषधांचा परिणाम असेल, असा आक्षेप निघाला व तो अवाजवी नव्हता. अमेरिकेत १९९० मध्ये एकयुग्मज जुळ्यांच्या १५ जोड्या चुंबकीय अनुस्पंदन (एमआरआय) पद्धतीने तपासण्यात आल्या. प्रत्येक जोडीत एकच भावंड आजारी होते. १२ जोड्यांत ते नुसत्या प्रतिमा पाहून ओळखता आले. आनुवंशिक घटक समान असूनही मेंदू भिन्न होते, हे यातील मर्म होय.

महाराष्ट्रात या विकृतीविषयीचा संकोच दूर करण्याचे कार्य कॅनडास्थित संख्याशास्त्रज्ञ जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने पुण्यात स्थापन झालेल्या ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ने केले. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या देवराई (२००४) या चित्रपटाने रुग्ण व त्याची बहीण यांची ससेहोलपट घरोघरी पोहोचविली.

तथापि प्रतिमेवरून निदान होत नाही. अनेक रुग्णांचा मेंदू प्रतिमेत सर्वसाधारण दिसतो, तर काही निरोगी माणसांची विवरेही मोठी असतात. गटांतील सरासरी फरक एकट्या रुग्णास लावता येत नाही. बीड जिल्ह्यातील माजलगावसारख्या तालुक्याच्या गावी हे विशेष ध्यानात घेतले पाहिजे. स्कॅनसाठी पैसा जमेपर्यंत उपचार लांबविण्याचे कारण नाही. रुग्णाशी व नातेवाइकांशी बोलून, लक्षणे व त्यांचा कालावधी पाहून मनोविकारतज्ज्ञ निदान करतो; स्कॅन काढावयाचा तो मेंदूतील गाठ, इजा यांसारखी अन्य कारणे असल्याची शंका आल्यास.