आधी बघू, मग कापू : जठराचा कॅन्सर आणि दुर्बीण

आजचा भाग थोडा घरचा आहे. आमचं गाव शाहूवाडी तालुक्यात, मलकापूरच्या पुढं. आजोबा ७४ वर्षांचे. जठराच्या कॅन्सरसाठी त्यांचं अर्धं जठर काढलेलं, छातीखालून बेंबीपर्यंत टाक्यांची खूण. दोन वर्षांनी जोडाजवळ पुन्हा काहीतरी दिसलं. कोल्हापूरचे सर्जन म्हणाले, "आधी दुर्बिणीनं बघू." आजी म्हणाली, "दुर्बिणीचं? ते बायकांचं असतंय न्हवं?"

हसू नका, आजीचं बरोबर होतं. तिच्या पिढीला ही दुर्बीण माहीत झाली ती कुटुंब नियोजनाच्या शिबिरांतून, 'बिनटाक्याचं ऑपरेशन' म्हणून. शहरांतले बरेच सर्जन तिच्याकडं संशयानं बघत होते, तेव्हा खेड्यातल्या बायकांच्या पोटात ती जाऊन आली होती. एक लक्षात ठेवा, तोंडातून जठरात घालतात ती दुर्बीण वेगळी, ती एंडोस्कोपी. आपण बोलतोय लॅपरोस्कोपीबद्दल. बेंबीजवळ लहान छिद्र पाडायचं, पोटात गॅस भरून जागा करायची आणि नळीतून आत बघायचं.

आता थोडं मागं जाऊ. २९ जानेवारी १८८१, व्हिएन्ना. थिओडोर बिलरोथ या सर्जननं ४३ वर्षांच्या टेरेसे हेलर यांच्या जठराचा कॅन्सर झालेला भाग कापून उरलेलं जठर आतड्याला जोडलं. त्याआधी फ्रान्समध्ये पेआँ आणि पोलंडमध्ये रिडिगियर यांनी हेच करून बघितलं होतं, पण त्यांचे रुग्ण वाचले नव्हते. टेरेसे वाचल्या. जगभर बातमी झाली. आणि चारेक महिन्यांत कॅन्सर परत आला, त्यातच त्या गेल्या. पाठ्यपुस्तकात पहिली ओळ ठळक असते, दुसरी बारीक अक्षरात. पण जठराच्या कॅन्सरच्या ऑपरेशनचा इतिहासच परत येणाऱ्या कॅन्सरनं सुरू होतो.

तेव्हा सर्जनपुढं अडचण एकच. पोट उघडल्याशिवाय आतलं कळायचं नाही. कॅन्सर पोटाच्या अस्तरावर पसरलेला असला तर उघडलेलं पोट तसंच शिवून टाकायचं. म्हणजे रुग्णाला वेदना पूर्ण, फायदा शून्य. आणि हे पुढं नव्वदेक वर्षं चाललं.

इथं आपल्या मुंबईचा जे. जे. हॉस्पिटल येतो. १९७२ साली डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी तिथं सर्जरीसाठी लॅपरोस्कोप वापरायला सुरुवात केली. सीटी स्कॅन नुकताच लंडनमध्ये जन्मला होता, आपल्याकडं यायला वेळ होता. स्क्रीनही नाही. सर्जननं नळीला डोळा लावायचा आणि जे दिसेल ते एकट्यानं बघायचं. सरकारी हॉस्पिटल, गरीब रुग्ण. आत क्षयाचे दाणे आहेत की कॅन्सर, हे पोट न फाडता कळायला लागलं. आजोबा तेव्हा चोवीस वर्षांचे, गिरणीत कामाला. शाहूवाडीतली किती तरी माणसं तेव्हा मुंबईला गिरणीत होती. जे. जे. त्यांच्या खोलीपासून फार लांब नव्हतं, पण हे त्यांना कशाला माहीत असणार!

बघण्यापासून कापण्यापर्यंतचा रस्ता मात्र भांडणाचा होता. १९८० मध्ये जर्मनीत कुर्ट झेम यांनी दुर्बिणीनं अपेंडिक्स काढलं, तर त्यांचा व्यवसायच थांबवा अशी मागणी झाली. ते स्त्रीरोगतज्ज्ञ होते, म्हणजे सर्जनांच्या अंगणात घुसखोरी! ३१ मे १९९० ला उडवाडियांनी जे. जे. मध्येच भारतातलं दुर्बिणीनं पित्ताशय काढण्याचं पहिलं ऑपरेशन केलं. १९९१ मध्ये जपानच्या सेइगो किटानो यांनी सुरुवातीच्या टप्प्यातल्या कॅन्सरसाठी जठराचा भाग दुर्बिणीच्या मदतीनं काढला. पुढं कोरिया आणि चीनमध्ये मोठे अभ्यास झाले. योग्य रुग्ण निवडले तर जगण्याच्या बाबतीत दुर्बीण उघड्या ऑपरेशनच्या मागं पडत नाही, असं दिसलं.

पण ते अभ्यास जठराचं ऑपरेशन पहिल्यांदाच होणाऱ्यांवरचे. कॅन्सर परत आलेल्या म्हाताऱ्या माणसाचं गणित वेगळं असतं. पहिल्या ऑपरेशननंतर आतडी, लिव्हर, अस्तर एकमेकांना चिकटलेली असतात. छिद्र पाडतानाच आतडं फाटायची भीती. म्हणून पोटावर जुने टाके असतील तर दुर्बीण नको, असा नियमच होता. आता सावकाश, जुन्या खुणेपासून लांबून आत शिरणारे सर्जन आहेत.

वयाचं दोन्हीकडून बघावं लागतं. पोटाच्या वरच्या भागात मोठी चीर असली की म्हातारा माणूस दुखतंय म्हणून खोकत नाही. कफ साठतो, न्यूमोनिया होतो. लहान छिद्रं असली तर तो लवकर उठून चालतो. उलट, पोटात भरलेल्या गॅसचा दाब हृदयावर आणि फुप्फुसांवर येतो. त्यामुळं 'वय झालंय, म्हणून दुर्बीणच बरी' हेही सरसकट खरं नाही. आणि परत आलेला कॅन्सर अस्तरावर किंवा लिव्हरमध्ये पसरला असेल तर कापून तो बहुतेक वेळा संपत नाही. उरलेल्या जठरापुरताच असेल तर ऑपरेशनला अर्थ असतो. अस्तरावरचे बारीक दाणे सीटी स्कॅनमध्ये सुटू शकतात, दुर्बिणीतून दिसतात. माझ्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शनला हात लावण्याआधी लॉग वाचणं. १९७२ चंच काम, फक्त आता स्क्रीनवर.

आजोबांच्या पोटात ते दाणे दिसले. पांढरे, तांदळाच्या कणीएवढे. सर्जननी एक तुकडा तपासणीला घेतला आणि बाहेर आले. मी तोपर्यंत मोबाईलवर ऑपरेशनचे व्हिडिओ बघून तयार होतो, आणि 'कापणार नाही' हे ऐकून आधी रागच आला. वाटलं, वय बघून सोडून दिलं. त्यांनी मला स्क्रीनवरचे फोटो दाखवले, एकेक दाणा बोटानं दाखवत. मग मी गप्प बसलो.

तिसऱ्या दिवशी आजोबा एस.टी.नं घरी आले. गाडी करू म्हटलं तर ऐकलं नाहीत. पोटावर दोन पट्ट्या, एवढंच. पुढं औषधं चालली, दुखणं आटोक्यात राहिलं. त्या वर्षीची भातकापणी त्यांनी बांधावर खुर्ची टाकून बघितली, आणि कापणाऱ्यांना सूचना देऊन देऊन वैताग आणला.