कोकणातील कातळशिल्पे

रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील जांभ्या दगडाच्या सड्यांवर, म्हणजे सपाट पठारांवर, कोरलेल्या प्रागैतिहासिक आकृती. गोव्यात सांगे तालुक्यात कुशावती नदीकाठी पणसायमळ येथेही त्या आढळतात. त्या भिंतीवर नसून पायाखालच्या सपाट कातळात खोदलेल्या आहेत. काहींची बाह्यरेषा खोल आहे, तर काहींत भोवतालचा भाग कोरून आकृती उठावात ठेवली आहे. हत्ती, वाघ, मासे, पक्षी, माणसे आणि गुंतागुंतीच्या भौमितिक चौकटी असे त्यांचे विषय.

राजापूर तालुक्यातील कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब व १३ मीटर रुंद आहे. जमिनीवर उभे राहून तो एका नजरेत मावत नाही. त्याच्या देहातच इतर अनेक लहानमोठे प्राणी कोरले आहेत, आणि ही रचना थक्क करणारी आहे. बारसू येथे दोन वाघांच्या मधोमध माणूस दिसतो. देवाचे गोठणे येथील मनुष्याकृतीजवळ होकायंत्राची सुई दिशा सोडते. तिथल्या खडकाच्या चुंबकत्वाचा तो परिणाम.

नेमका काळ सांगणे अवघड आहे, कारण उघड्या कातळावर कालमापनाला लागणारे सेंद्रिय अवशेष टिकत नाहीत. मात्र आज कोकणात नसलेला गेंडा या चित्रांत आहे आणि शेतीची दृश्ये नाहीत. त्यामुळे अनेक अभ्यासक ती शिकारी व अन्नसंग्राहक समाजाची मानतात आणि त्यांचा काळ मध्याश्मयुगापर्यंत किंवा त्याआधीही नेतात. गावकऱ्यांना काही आकृती पिढ्यान्‌पिढ्या माहीत होत्या. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे व सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगावचे सडे पायी तुडवून शेकडो आकृती नोंदवल्या. या कामाचे मोल फार मोठे आहे, कारण नोंदच नसेल तर चित्र गेल्याचेही कुणाला कळत नाही.

धोका मुख्यतः माणसाचा. चिरेखाणी, रस्ते, बांधकामे आणि आंब्याच्या बागांसाठी फोडला जाणारा कातळ यांत आकृती कायमच्या नष्ट होऊ शकतात. बरेच सडे खासगी मालकीचे असल्याने जमीनमालकाला विश्वासात घेतल्यावाचून संरक्षण होत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील उक्षीच्या ग्रामस्थांनी पुढाकार घेऊन आपल्या गावातील कोरीव हत्तीभोवती चिऱ्यांचे कुंपण घातले. हा धडा इतर गावांनी घ्यावा असाच आहे. तरी केवळ आकृतीभोवती कुंपण पुरत नाही. पावसाळ्यात फुलणारा, गुरे चरणारा अख्खा सडा राखला, तरच चित्राला त्याची जागा उरते. बारसूच्या सड्यावर २०२३ मध्ये तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झाले, तेव्हा स्थानिकांच्या विरोधाबरोबर कातळशिल्पांचा प्रश्नही राज्यभर चर्चेत आला.

२०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा तात्पुरत्या यादीत नऊ स्थळे आली: रत्नागिरीतील उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू व देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील पणसायमळ. या यादीत नाव आल्याने कायद्याचे संरक्षण आपोआप मिळत नाही. ते सरकारने स्थळनिहाय द्यावे लागते.