प्लेगच्या गावातली मोलकरीण
उर्दूतली ऐतिहासिक कादंबरी म्हटली की आम्हाला अब्दुल हलीम शरर आणि नसीम हिजाजी आठवतात. घोडे, तलवारी आणि झरोक्यात उभी शहजादी. त्याच सवयीने आम्ही जेराल्डीन ब्रूक्स यांची २००१ सालची ‘इयर ऑफ वंडर्स’ उघडली, तर नायिका निघाली एक विधवा मोलकरीण!

गाव खरे आहे. इंग्लंडच्या डर्बीशायरमधले ईम. १६६५ मध्ये लंडनहून इथल्या शिंप्याकडे कापड आले आणि त्यातल्या पिसवांबरोबर प्लेग आला, असे सांगतात. १६६६ च्या जूनमध्ये पाद्री विल्यम मॉम्पेसन यांनी लोकांना वेस न ओलांडण्यास राजी केले. ताऊन असेल तिथे जाऊ नका, असाल तिथून पळू नका, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. ईमकरांनी ती न ऐकताच पाळली. वेशीवरच्या दगडाच्या खळग्यांत सिरका ओतून त्यात नाणी ठेवायची. बाहेरच्यांनी धान्य ठेवून ती उचलायची. चौदा महिन्यांत सुमारे २६० माणसे गेली. एलिझाबेथ हॅनकॉकने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुले आपल्या हातांनी पुरली.

लोकांनी कवटाळली ती मात्र एमट सिडल आणि शेजारगावच्या रोलंड टोरची प्रेमकहाणी. गावबंदीने ताटातूट झाली, दुरूनच एकमेकांना पाहत राहिले वगैरे. एमट तर एप्रिलमध्येच वारली, गावबंदीच्या आधी! दंतकथेला तारखा कोण विचारतो? पैसेवाले आधीच निघून गेले होते, पाद्रींनीही आपली मुले बाहेर पाठवली होती, हेही त्या कहाणीत बसत नाही. पाद्रींची पत्नी कॅथरीन मात्र गावातच राहिली आणि ऑगस्टमध्ये गेली.

मॉम्पेसन यांच्या एका पत्रात मोलकरणीचा उल्लेख येतो. ती धडधाकट राहिली ही खुदाची मेहरबानी. नाहीतर धुणे आणि जेवणखाण त्यांनाच बघावे लागले असते! तिचे नाव लिहायचे त्यांना सुचले नाही. ब्रूक्स यांनी तिलाच अ‍ॅना फ्रिथ केले, सुईणपण शिकवले, हाती इब्न सीनाचा ग्रंथ दिला.

शेवटी अ‍ॅना अल्जीरियातल्या ओरानला अहमद बे या हकिमाच्या घरी पोहोचते. हा शेवट ओढूनताणून आणलेला आहे, हे कबूल. पण शरर यांच्या ‘मलिकुल अजीज वर्जिना’त ख्रिस्ती राजकन्या सलाहुद्दीनच्या मुलाच्या इश्कापोटी मुसलमानाच्या घरात येते, अ‍ॅना नावापुरती बीवी होऊन हिकमत शिकायला येते. आम्हाला तो शेवट आवडला.