यंत्राला जागं कोण करतं?

ऑइल इंजिन आधी हँडल मारून फिरवावं लागतं, हे आम्ही कोल्हापुरात सांगायला नको. संगणकाचंही तसंच. चिपला वीज मिळाली, तरी पहिली आज्ञा कुठून घ्यायची हे ठरलेलं असावं लागतं.

१९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅकनं ‘परम ८०००’ उभा केला. त्यातल्या इनमॉसच्या ट्रान्सप्युटर चिपची गंमत अशी, की प्रत्येकीला स्वतःचा रॉम लागतोच असं नाही. शेजारच्या चिपकडून तारेवरून पहिला बाइट येतो. तो एकापेक्षा मोठा असला, तर तेवढे बाइट उतरवून घ्यायचे आणि चालवायचे. एक जागी झाली, की ती पुढचीला उठवते.

पण ही कळ त्या चिपपुरतीच. ट्रान्सप्युटर मागं पडला, ‘परम’ दुसऱ्या प्रोसेसरवर गेला. जागं करण्याची रीतही बदलली.

आजच्या तळहाताएवढ्या बोर्डांचं दुखणं तेच. २००२ पासून ‘यू-बूट’ या नावानं चालणाऱ्या खुल्या प्रकल्पात अशा अनेक बोर्डांची हँडलं एकत्र सांभाळली जातात. बोर्ड विकणारा नव्या मालाकडं वळतो. कोड खुला असला, तरच जुना बोर्ड आपल्याला दुरुस्त ठेवता येतो. म्हणून बोर्ड घेताना आपण आधी विचारू या: याचं हँडल कुणाच्या हातात आहे?