पॅकेजांचें कूळ आणि मूळ



ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ विचारूं नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. ऋषींच्या आणि नद्यांच्या बाबतींत ती खुशाल पाळावी. परंतु आज ज्या विषयावर मी बोलणार आहें, त्यांत कूळ विचारल्यावांचून एक पाऊलहि पुढें टाकतां येत नाहीं. विषय आहे लिनक्स या संगणक-प्रणालींतील पॅकेजांच्या परस्परावलंबनाचा. एखादें पॅकेज कोणाच्या आधारावर उभें आहे, तो आधार पुन्हां कोणाच्या खांद्यावर आहे, हें शोधून काढण्याच्या विद्येला आतां तीस वर्षांचा इतिहास आहे; आणि २०२४ सालच्या मार्च महिन्यांत केवळ अर्ध्या सेकंदाच्या विलंबावरून जें एक कारस्थान उघडकीस आलें, तें समजून घ्यावयाचें तर त्या इतिहासाची ओळख असावी लागते.

हें अवलंबन मुळांत येतें कोठून, तें प्रथम पाहूं. संगणकावर चालणारा कोणताहि कार्यक्रम आपलें सगळें काम स्वतः करीत नाहीं. अक्षरें पडद्यावर काढणें, फाइल उघडणें, मजकूर दाबून लहान करणें, तो गुप्त लिपींत लिहिणें, अशीं कामें शेंकडों कार्यक्रमांना सारखींच लागतात. तीं प्रत्येकानें निरनिराळीं लिहून काढण्याऐवजीं एकदांच लिहून एका सामाईक लायब्ररींत ठेवावयाचीं, आणि कार्यक्रम सुरू होतांना ती लायब्ररी त्याला जोडून द्यावयाची, अशी योजना असते. वाड्यांत बिऱ्हाडें दहा, पण चौकांत विहीर एकच, तसा हा प्रकार आहे. जागा वांचते, श्रम वांचतात, आणि विहिरीचा उपसा एकदां केला कीं दहाहि घरांना स्वच्छ पाणी मिळतें. उलट बाजू सांगावयास नकोच.

लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकी येथील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. पण नुसत्या गाभ्यानें संसार चालत नाहीं. त्याच्याभोंवतीं शेंकडों कार्यक्रम जमवून ते एकत्र देणारे संच लवकरच निघाले. १९९३ सालीं पॅट्रिक व्होल्करडिंग यांनीं काढलेला स्लॅकवेअर हा त्यांतला एक जुना संच. त्यांत पॅकेज म्हणजे फाइलींचें दाबून बांधलेलें गाठोडें. गाठोडें सोडलें कीं फाइली आपापल्या जागीं जाऊन बसत. या गाठोड्याला दुसऱ्या कोणत्या गाठोड्याची गरज आहे, याची नोंद मात्र त्यांत नसे; ती ज्याची त्यानें डोक्यांत ठेवावयाची. स्लॅकवेअरनें हा बाणा अजूनहि सोडलेला नाहीं, आणि त्याच्या चाहत्यांना त्याचा अभिमान आहे. मला त्या अभिमानाचें कौतुक वाटतें; हेवा वाटत नाहीं.

त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें इयन मर्डॉक या अमेरिकन विद्यार्थ्यानें डेबियन या दुसऱ्या संचाची घोषणा केली. डेब्रा या आपल्या मैत्रिणीचें आणि स्वतःचें अशीं दोन नांवें जोडून त्यानें हें नांव केलें होतें. डेबियनचें खरें वैशिष्ट्य म्हणजे त्याची खतावणी. १९९४ सालीं मर्डॉकनें आरंभिलेला आणि पुढें इयन जॅक्सन यांनीं बहुतांशीं नव्यानें लिहिलेला डीपीकेजी नांवाचा कार्यक्रम ती खतावणी संभाळूं लागला. प्रत्येक पॅकेजाबरोबर एक चिठ्ठी येई. तींत स्पष्ट लिहिलेलें असे कीं, अमक्यावांचून माझें चालणारच नाहीं. तमकें असेल तर बरें. आणि फलाण्याबरोबर मी एका घरांत राहणार नाहीं. या सर्व चिठ्ठ्यांचा सारांश संगणकावर एका साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिला जातो. कोणीहि ती उघडून वाचावी. त्यांत गुपित कांहीं नाहीं.

चिठ्ठी लिहिणार कोण, हा प्रश्न बारीक असला तरी महत्त्वाचा होता. माणसाच्या स्मरणावर विसंबलें तर चुका व्हावयाच्याच. म्हणून डेबियनकारांनीं एक साधन तयार केलें. तें तयार कार्यक्रमाच्या पोटांत शिरून त्याला कोणत्या लायब्रऱ्या लागतात हें वाचतें, त्या कोणत्या पॅकेजांत आहेत हें ताडून पाहतें, आणि अवलंबनाची ओळ स्वतःच लिहून मोकळें होतें. पाहुण्याला नातें विचारण्याऐवजीं त्याच्या खिशांतलीं पत्रें पाहावींत, तसें हें आहे.

१९९५ सालीं रेड हॅट या अमेरिकन कंपनींत मार्क यूइंग व एरिक ट्रोन यांनीं आरपीएम नांवाची अशीच दुसरी पद्धति रचली. आधार नसलेलें पॅकेज या खतावण्या दारांतच अडवीत. पण अडविल्यावर पुढें काय करावें, हें त्या सांगत नसत. मला स्वतःला एका रात्रीचा अनुभव आहे. चित्रें पाहण्याचा एक लहानसा कार्यक्रम बसवावयाचा होता. संगणक म्हणाला, अमुक लायब्ररी नाहीं. ती मित्राकडून आणली, तर तिला दुसरी हवी होती. दुसरी मिळाली, तर ती म्हणे, माझ्यासाठीं पहिलीची नवी आवृत्ति पाहिजे. आणि ती नवी आवृत्ति बसवूं गेलों तर आधींचे चार कार्यक्रम रुसून बसले. पहांटे चित्रें न पाहतांच मी झोंपलों. या अवस्थेला त्या काळीं ‘डिपेंडन्सी हेल’, म्हणजे अवलंबनाचा नरक, असें नांव पडलें होतें, आणि तें अतिशयोक्तीचें नव्हतें.

त्या नरकांतून वाट काढली ती ॲप्ट या साधनानें. मार्च १९९९ मध्यें डेबियनच्या २.१ या आवृत्तींत तें प्रथम अधिकृतपणें आलें. एक पॅकेज मागितलें कीं त्याचा आधार, त्या आधाराचा आधार, अशी सारी मालिका तें स्वतः शोधी, दूरच्या भांडारांतून उतरवून घेई, आणि योग्य क्रमानें बसवी. आरपीएमच्या घराण्यांतहि पुढें असें साधन झालें. अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागांत सेथ विडाल यांनीं तें वाढविलें. त्याचें नांव यम! नरकांतून सोडविणाऱ्याला हें नांव मिळावें, हा केवळ योगायोग. त्या मंडळींना मराठी येत नव्हतें.

सोय झाली तसा परिवार वाढला. १९९६ च्या डेबियनमध्यें ४७४ पॅकेजें होतीं. १९९९ मध्यें सुमारें २,२५०. २०२३ सालच्या बाराव्या आवृत्तींत ६४,००० हून अधिक. एवढ्या मोठ्या पंगतींत कोणाला कोणाशेजारीं बसवावें, हा प्रश्न वरवर वाटतो त्याहून कठीण आहे. याला अ किंवा ब यांपैकीं कोणी तरी शेजारीं हवा, अ ला क चालत नाहीं, क वांचून ड येत नाहीं, अशा अटी वाढूं लागल्या म्हणजे सर्वांचें समाधान करणारी मांडणी मुळांत संभवते कीं नाहीं, हेंच ठरविणें अवघड होतें. रोबेर्तो दि कोस्मो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००६ सालीं दाखवून दिलें कीं, हा प्रश्न गणितज्ञ ज्यांना अत्यंत बिकट समजतात त्या तर्कशास्त्रीय कोड्यांच्याच जातीचा आहे. त्याला प्रत्येक वेळीं हमखास झटपट उत्तर देणारी रीत आजवर कोणास सांपडलेली नाहीं. व्यवहारांत मात्र उत्तरें बहुधा क्षणांत मिळतात, कारण पॅकेजें बांधणारीं माणसें मुद्दाम कोडीं घालीत नाहींत.

आतां कोणी मुद्दाम कपटच केलें तर काय होतें, त्याकडे वळूं. २०२४ च्या मार्चमध्यें आंद्रेस फ्रॉइंड हे संगणकतज्ज्ञ आपल्या डेबियन संगणकावर पोस्टग्रेस या माहिती-संग्रहाच्या वेगाचीं मोजमापें घेत होते. दूरच्या यंत्रांत प्रवेश देणारा एसएसएचडी नांवाचा जो कार्यक्रम असतो, म्हणजे देवडीवरचा पहारेकरीच म्हणाना, तो विनाकारण दमत असल्याचें त्यांना आढळलें. पूर्वीं ज्या कामास ०.२९९ सेकंद लागे, त्यास आतां ०.८०७ सेकंद लागत होता. दुसऱ्या कोणी तें सोडून दिलें असतें. फ्रॉइंड यांनीं धागा धरला, आणि तो त्यांना पहारेकऱ्यापासून दूर एका अगदीं भलत्याच घरीं घेऊन गेला. त्या घराचें नांव एक्सझेड. फाइली दाबून लहान करणें एवढाच त्याचा धंदा. त्याच्या लायब्ररीला लिब-एलझेडएमए म्हणतात.

फाइली दाबणाऱ्याचा पहारेकऱ्याशीं संबंध काय? ओपनबीएसडी प्रकल्पाच्या मंडळींनीं लिहिलेल्या मूळ एसएसएचडीला ही लायब्ररी लागतच नाहीं. पण डेबियन, फेडोरा इत्यादि संचांनीं त्यांत आपली एक लहानशी दुरुस्ती केली होती. पहारेकरी कामावर रुजू झाला म्हणजे त्यानें यंत्राच्या मुख्य कारभाऱ्याला, सिस्टिमडीला, तशी वर्दी द्यावी, एवढाच तिचा हेतु. वर्दी देण्यासाठीं कारभाऱ्याची लायब्ररी जोडली. आणि कारभाऱ्याच्या लायब्ररीला दुसऱ्याच कामासाठीं लिब-एलझेडएमए लागत होती. अशा रीतीनें दोन पायऱ्यांवरचा नातलग देवडीपर्यंत येऊन पोंचला. पहारेकऱ्याच्या स्वतःच्या यादींत त्याचें नांव नव्हतें. संपूर्ण वंशावळ काढली तरच तें दिसे.

आणि हें नातें कोणी तरी फार आधीं हेरून ठेवलें होतें. एक्सझेडचा संभाळ लासे कॉलिन हे गृहस्थ वर्षानुवर्षें विनावेतन करीत आले होते. ‘जिया टान’ हें नांव घेणारी एक व्यक्ति त्यांच्या मदतीस आली. २०२२ मध्यें कांहीं अनोळखी मंडळींनीं, काम मंद चालतें, दुसऱ्या कोणास अधिकार द्या, असा कॉलिन यांच्यामागें लकडा लावला. हळूहळू त्या मदतनिसाच्या हातीं किल्ल्या आल्या, आणि २०२४ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत ५.६.० व ५.६.१ या विषारी आवृत्त्या बाहेर पडल्या. विष उघड्या मजकुरांत नव्हतें. तें चांचणीसाठीं म्हणून ठेवलेल्या फाइलींत दडविलेलें होतें, आणि तें बाहेर काढणारी ओळ फक्त वाटण्यासाठीं बांधलेल्या गाठोड्यांत होती. डेबियन किंवा आरपीएम पद्धतीचें पॅकेज बांधलें जात आहे असें दिसलें, तरच तें जागें होई. ज्याच्याजवळ ठराविक गुप्त किल्ली असेल, त्याला पहारेकऱ्यास न जुमानतां आंत शिरून हुकूम सोडतां आले असते.

फ्रॉइंड यांनीं २९ मार्च रोजीं हें जाहीर केलें. विषारी आवृत्ति तेव्हां डेबियनच्या स्थिर शाखेंत गेली नव्हती; अस्थिर व चांचणीच्या शाखांत मात्र होती. त्या दिवशीं जगभर यंत्रांचे रखवालदार एकच प्रश्न विचारीत होते, माझा पहारेकरी या विहिरीचें पाणी पितो काय? उत्तर अवलंबनाच्या यादींत होतें. आर्च नांवाच्या संचांत एक्सझेडची तीच आवृत्ति गेली होती. पण त्यांनीं पहारेकऱ्याला कारभाऱ्याची लायब्ररी जोडलेलीच नव्हती, त्यामुळें विषाला ती वाट मिळाली नाहीं.

वंशावळ पाहण्याचें नेहमींचें साधन म्हणजे एलडीडी ही आज्ञा. ती कार्यक्रमाच्या सर्व लायब्रऱ्या, जवळच्या आणि दूरच्या, दाखविते. मात्र तिच्या माहितीपत्रकांतच सावधगिरीची सूचना आहे. कांहीं परिस्थितींत ती त्या कार्यक्रमालाच चालवून उत्तर मिळविते, म्हणून संशयित कार्यक्रमावर तिचा प्रयोग करूं नये. ज्याच्या कुळाविषयीं शंका, त्यालाच घरांत घेऊन कूळ विचारण्यासारखें तें होईल. अशा वेळीं फाइल न चालवितां नुसती वाचणारीं साधनें वापरावींत. तीं फक्त सरळ नातीं सांगतात, पुढच्या पायऱ्या आपण एकेक करून चढावयाच्या. शिवाय कांहीं लायब्रऱ्या कार्यक्रम सुरू झाल्यावर, गरज पडेल तेव्हांच, बोलाविल्या जातात. त्या कोणत्याच यादींत येत नसत. २०२४ सालींच सिस्टिमडीच्या मंडळींनीं अशा ऐनवेळच्या पाहुण्यांचीं नांवें कार्यक्रमाच्या फाइलींत टिपून ठेवण्याची रीत सुरू केली.

राहिली ती वर्दी. कारभाऱ्याला ‘मी तयार आहें’ एवढें कळविण्यासाठीं मोठ्या लायब्ररीची गरज नव्हतीच. एक छोटासा ठराविक निरोप ठराविक जागीं पाठविला कीं काम होतें. १ जुलै २०२४ रोजीं निघालेल्या ओपनएसएसएचच्या ९.८ या आवृत्तींत मूळ लेखकांनींच तो निरोप पाठविण्याची सोय स्वतःच्या हातानें लिहून टाकली, आणि त्या कामापुरती सिस्टिमडीची लायब्ररी जोडण्याचें कारण उरलें नाहीं.