मये गावाचा इतिहास : जमीन, देव आणि दप्तर

गावाचा इतिहास लिहावयाचा म्हणजे नेमके काय लिहावयाचे, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला जातो. राजे, लढाया आणि देवस्थाने यांची नोंद झाली की ग्रामेतिहास पुरा झाला, असे आपण मानतो. इंग्लंडात १८९९ साली ‘व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरी’ या ग्रंथमालेचा आरंभ झाला, तेव्हा तेथील अभ्यासकांनी एकेक पॅरिश, म्हणजे चर्चच्या हद्दीतील गाव, हाच इतिहासाचा घटक धरला. जमीन कोणाकडून कोणाकडे गेली, पाणी कोठून आले, गिरणी कोणाची, वाट कोठून कोठे जात होती, याची उत्तरे त्यांनी दप्तरांतून शोधली. हीच दृष्टी घेऊन डिचोली तालुक्यातील मये या आपल्या गावाकडे पाहावे, असे आम्हांस वाटते.

प्रथम भूमी पाहू. मये हे डोंगरांच्या कुशीत वसलेले गाव. वर जांभ्या दगडाचा सडा, उतारावर काजू आणि रान, घळीत माडा-पोफळींची कुळागरे आणि तळाशी भातशेती. डोंगरांनी वेढलेले मयेचे तळे आज पर्यटकांना ठाऊक आहे. शेजारच्या वायंगिणीच्या नावात पावसाळ्यानंतरच्या, साठवलेल्या पाण्यावर होणाऱ्या वायंगण भाताची आठवण दिसते. डोंगराच्या पोटातील लोहखनिजासाठी पैरा भागात खाणीही निघाल्या. पाणी खाली, खनिज वर, आणि मधल्या उतारावर माणसांचे वाडे, अशी ही रचना आहे.

आता या भूमीचे स्थान पाहू. दक्षिणेस चोडण आणि दिवाडी ही बेटे. ती तिसवाडीत मोडतात आणि तिसवाडी १५१० पासून पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. डिचोली महाल मात्र आधी आदिलशाहीत आणि पुढे सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलाखाली राहिला. पोर्तुगीजांनी तो १७८१ साली घेतला आणि नव्या काबिजादीत सामील केला. म्हणजे सुमारे पावणेतीनशे वर्षे मये आणि चोडण यांमधले पाणी ही दोन राज्यांची सीमा होती. त्या काठावर देवळे पाडली जात होती, आणि या काठावर तोच देव पुन्हा बसविता येत होता.

सोळाव्या शतकात याचा प्रत्यय आला. दिवाडीच्या सप्तकोटीश्वराचे लिंग पाण्यापलीकडे नार्वे येथे आले. शिवाजी महाराजांनी शके १५९०, म्हणजे इ. स. १६६८ मध्ये तेथे देवालय उभारविले. त्याचा शिलालेख आजही आहे, आणि अलीकडील जीर्णोद्धारानंतर २०२३ साली ते पुन्हा खुले झाले. चोडणच्या देवकीकृष्णाचा प्रवास आपल्याला अधिक जवळचा आहे. ती मूर्ती चोडणहून प्रथम मयेत आली आणि पुढे माशेलास गेली. माशेलची यात्रा सर्वांस ठाऊक असते, मधला मुक्काम फारसा कोणी सांगत नाही. देव एकटा येत नाही. त्याच्यामागे पुजारी, सेवेकरी, कुळे आणि कुटुंबे येतात. आपल्यापैकी अनेक घराण्यांच्या सांगण्यात पाणी ओलांडून आल्याची जी कथा असते, तिचे भौगोलिक मूळ या सीमेत आहे.

लोककथेनेही या गावाला असेच स्थान दिले आहे. सात बहिणी आणि एक भाऊ यांच्या प्रसिद्ध कथेत शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मोरजीची मोरजाई, म्हापशाची मिराबाई यांच्याबरोबर मयेची महामाया आहे, आणि भाऊ खेतोबा वायंगिणीस आहे. मिराबाईचे नाते म्हापशाच्या ख्रिस्ती सायबिणीशी जोडले जाते, हे विशेष. या कथेस इतिहास म्हणता येणार नाही, परंतु गावागावांचे संबंध कसे मानले जात होते, याचा तो नकाशा आहे.

ज्या गावाने इतरांना आसरा दिला, त्या गावावर पुढे वेगळाच प्रसंग आला. पोर्तुगीज राजवटीत मये ही एका सरदार घराण्याची मिळकत ठरली आणि त्या घराण्यास ‘मयेचा काउंट’ ही पदवी लाभली. इंग्लंडातील जहागिरीसारखाच हा प्रकार. १९६१ साली गोवा मुक्त झाला, परंतु मालक पोर्तुगीज नागरिक असल्याने १९६४ च्या कायद्यान्वये ती मिळकत कस्टोडियनच्या ताब्यात गेली. पिढ्यानपिढ्या शेत कसणाऱ्यास आणि घर बांधून राहणाऱ्यास आपले नाव दप्तरात लावता येईना. २०१४ साली गोवा विधानसभेने जमिनींवरील मालकी, पदव्या आणि दाने रद्द करणारा कायदा केला आणि त्यानंतर रहिवाशांना सनदा मिळू लागल्या. मुक्तीनंतर अर्धशतकाहून अधिक काळ गावकरी स्वतःच्या अंगणात परका राहिला, हा मयेच्या इतिहासातील सर्वांत मोठा अध्याय आहे.

येथे इंग्लंडातील आणखी एक दाखला उपयोगी पडतो. १८३६ च्या कायद्यानंतर तेथे चर्चला देय असणारा धान्याचा दशांश रोख रकमेत बदलण्यासाठी गावोगावी नकाशे झाले. त्यांसोबतच्या यादीत मालकाचे नाव, कसणाऱ्याचे नाव आणि शेताचे नाव असे वेगवेगळे रकाने होते. आज इतिहासकार मालकापेक्षा शेवटच्या दोन रकान्यांकडे अधिक वळतात, कारण गाव तेथे सापडते. आपल्या एक-चौदाच्या उताऱ्यावरही शेताच्या नावासाठी जागा आहे. तिच्यात रोमन लिपीत, मोडक्या-तोडक्या रूपात, आपल्या आज्यांनी उच्चारलेली नावे अडकून पडली आहेत.

सनद हाती आली की पुढच्या पिढीस सर्व्हे क्रमांक पुरेल आणि नावाची गरज उरणार नाही. हक्क मिळाला आणि ओळख गेली, असे होऊ नये. म्हणून आमची आपल्या सभासद-कुटुंबांस विनंती आहे: घरातील वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन आपला उतारा एकदा वाचावा, प्रत्येक मेर, ओहळ, झर आणि मळ्याचे नाव ते कसे उच्चारतात, तसे देवनागरीत उतरवून घ्यावे, जुन्या खंडाच्या पावत्या असल्यास जपाव्यात. मयेचा खरा इतिहास या कागदांतून लिहिता येईल, आणि तो लिहिण्याचा अधिकार जमीन कसणाऱ्यांचाच आहे.